आटीची पट्टी

३ मार्च

नवी वही घेतली. पहिल्या पानावर माणसाने आपलं काय ते मांडावं, म्हणून या हातांनी केलेल्या वस्तू लिहून ठेवतो.

उजव्या हाताने: एक पितळेची अंगठी, आतला व्यास सोळा पूर्णांक पाच मिलिमीटर, हिच्यासाठी, लग्नाआधी, स्वतः वाळूत ओतलेली आणि स्वतः घासलेली. पाण्याच्या पंपांच्या कवचांचे पॅटर्न, लहानमोठे. शिवणयंत्राच्या जाळीदार पायट्याचा पॅटर्न. शाळेच्या घंटेचा पॅटर्न. शाळा गेली, घंटा अजून आहे. घरातली खाट, एकही खिळा न मारता.

डाव्या हाताने, म्हणजे पट्टाकरवतीने उजव्याची दोन बोटं आणि पकड नेली त्यानंतर: एक स्टूल, चारांपैकी तीन पाय टेकणारं. दाराची एक खुंटी. आणि स्वतःची सही, जी बँकेला अजून पटत नाही.

मेव्हणा मला सुतार म्हणतो. सुतार लाकडाची वस्तू करतो आणि ती लाकडाचीच राहते. पॅटर्नवाला लाकडाची अशी वस्तू करतो, की तिच्याभोवती वाळू दाबायची, ती अलगद काढून घ्यायची आणि तिच्या रिकाम्या जागेत वितळलेलं बीड ओतायचं. वस्तू लोखंडाची जन्मते, लाकूड परत फळीवर. मला हे कोणी शिकवलं नाही. फाउंड्रीत मोडके पॅटर्न भट्टी पेटवायला जात. त्यातले दोनचार मी डब्याच्या पिशवीतून घरी न्यायचो, सांधे उकलायचो, पुन्हा जोडायचो. जुन्या मिस्त्रींना वाटायचं, हा जळण चोरतो.

वही घेण्याचं कारण: उद्या फाउंड्रीचे धाकटे मालक घरी येतो म्हणालेत. सहा वर्षांत पहिल्यांदा.

४ मार्च

आले. थोरल्या मालकांसारखेच दारात डोकं वाकवतात, उंची नसताना.

तळ्याकाठच्या बागेतले जुने बिडाचे बाक बदलायचे आहेत. लोकांना हवेत मात्र तसेच. पॅटर्न कधीच जळाले. मशीनवर पॅटर्न कोरून देणारा म्हणाला, तुमच्याकडे मोडका पायच आहे, तोही अर्धा. आधी तो कोणाकडून तरी पूर्ण करून आणा.

"मिस्त्री, करता का?"

"कुठल्या हाताने?" मी विचारलं.

"जो रिकामा असेल त्या हाताने."

ही आत होती. तिच्या हातातलं भांडं वाजायचं थांबलं.

तळ्याकाठचे बाक! लग्न झालं तेव्हा एका खोलीत आम्ही आठ माणसं. नवराबायकोने बोलायचं कुठे, तर त्या बाकावर, दिवेलागणीनंतर. बाकाच्या बाजूला वेल आहे, वेलीला पानं. ही बोलताना पानांच्या शिरांवरून बोट फिरवायची. मी मात्र बाकाचं ओतकाम बघत बसायचो, हे तिने मला पुढे अनेकदा ऐकवलं आहे.

९ मार्च

अपंगांच्या भत्त्याच्या कचेरीत गेलो. लपवाछपवी माझ्याच्याने होत नाही. मेव्हणा म्हणाला, "भावजी, रोख घ्या आणि गप्प बसा. कोण येतंय बघायला?" मी म्हटलं, मी येतो बघायला.

खिडकीवरच्या बाई तरुण आहेत, चष्मा कपाळावर ठेवून शोधत असतात. त्यांनी नीट सांगितलं. भत्ता महिना सहा हजार. त्याच्याबरोबर औषधांचं कार्ड, ज्यावर हिच्या हृदयाच्या गोळ्या आणि तपासण्या फुकट होतात. मला महिन्याला चार हजारांपर्यंत कमावता येईल. त्याच्यावर गेलं, की भत्ता आणि कार्ड दोन्ही थांबणार, चौकशी होईपर्यंत. आणि कायमची नोकरी धरली, तर दोन्ही बंदच. पुन्हा सुरू करायला वर्ष जातं.

"चार हजार एक झाले तर?"

"तर एकाने जास्त झाले, काका."

मला ही बाई आवडली. माप म्हणजे माप.

मालक तासाला अडीचशे देणार. म्हणजे महिन्याला सोळा तास. हिच्या गोळ्या बाहेर घेतल्या तर साडेआठ हजार पडतात. सोळा तासांच्या पुढे सतरावा नाही.

१६ मार्च

पॅटर्नची खोली. कुलूप तेच, फक्त तेल न घातलेलं. आत गेलो आणि उभाच राहिलो. सरस, लाकडाचा भुसा, आणि भिंतीपलीकडून जळक्या वाळूचा तो वास; त्यात काकवीचा गोडसर वास मिसळलेला, कारण वाळू बांधायला काकवी घालतात. तरुणपणी या वासाने माझी भूक चाळवायची. ही म्हणायची, तुमचे कपडे धुताना मला जेवणाची आठवण होते.

खणात माझी आटीची पट्टी सापडली. कोणी हात लावलेला नाही. लावणार कोण, तिचा उपयोगच कोणाला ठाऊक नाही. वितळलेलं बीड थंड होताना आटतं, मीटरला एक सेंटीमीटर. म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करावा लागतो. दर वेळी गणित कोण करणार? त्यापेक्षा पट्टीच मोठी केलेली असते. तिचा मीटर खऱ्या मीटरपेक्षा एक सेंटीमीटर लांब. दिसायला हुबेहूब साधी पट्टी. नवखे फसतात.

डाव्या हाताने रंधा धरला. पहिले दोन तास लाकूड माझ्यावर हसत होतं. तिसऱ्या तासाला त्याने तोंड मिटलं.

घरी येताना शीळ घालत होतो असं ही म्हणते. माझ्या लक्षात नाही.

२ एप्रिल

वेल पूर्ण झाली. मोडक्या पायावर जी पानं उरली होती त्यावरून बाकीची बसवली. एक गंमत सापडली. सगळ्या पानांना सात शिरा, आणि खालून तिसऱ्याला सहाच! ज्याने मूळ पॅटर्न केला त्याची पटाशी तिथे चुकली, किंवा जेवणाची घंटा झाली. मी ती दुरुस्त केली. सात म्हणजे सात.

रात्री जेवताना हिला सांगितलं. ही घास हातात धरून म्हणाली, "मग आपला बाक ओळखायचा कसा?"

"सगळ्याच बाकांना तसं होतं. साचा एकच होता."

"ते तुम्हाला माहीत. मला वाटायचं, आपल्याच."

तीस वर्षं हिला वाटत होतं.

४ एप्रिल

सातवी शीर बुजवली. लाकडाचा लगदा सरसात कालवून, काचपेपर मारून, बोटाला लागणार नाही अशी. दोन तास गेले. ते सोळांत धरले नाहीत, कारण चूक ठेवण्याचे पैसे मी घेत नाही.

१९ एप्रिल

आज ओतलं. भट्टीचं तोंड उघडलं तेव्हा सहा वर्षं कुठे गेली कळलं नाही. तोच नारिंगी उजेड, माणसांच्या चेहऱ्यावर तोच. दुपारी वाळू फोडली. बाकाची बाजू एका दमात उतरली. छिद्र नाही, भेग नाही, माप बिनचूक. ओतकाम करणाऱ्यांपैकी सर्वांत म्हाताऱ्याने पानावर बोट फिरवलं आणि नुसती मान हलवली. या माणसाने मला कधी बरं म्हटलेलं नाही.

धाकट्या मालकांनी महिन्याच्या चार हजारांवर तीनशे रुपये वेगळे दिले. "थोरले असते तर त्यांनी हेच केलं असतं." मी घेतले. सगळ्यांसमोर दिलेलं बक्षीस परत करत नाहीत.

२ मे

कचेरीत चार हजार तीनशे लिहून दिले. बाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला.

"काका, हे तीनशे कसले?"

"बक्षीस."

"बरं. कामासाठी खिशातून काही खर्च केलाय? सरस, पॉलिश, काही? तो वजा होतो. पावत्या असल्या तर आणा, चार हजारांच्या आत बसेल."

खर्च केला आहे. सरस आणि काचपेपर मिळून तीनशे चाळीस. पावत्या डब्यात आहेत. पण मी म्हटलं, "बाई, सरस कारागिराचा स्वतःचा असतो. हत्यार आणि सरस यांचं बिल मी आयुष्यात लावलेलं नाही. आणि बक्षिसातून सरसाचे पैसे कापायचे, म्हणजे ते बक्षीस राहिलं का?"

"नियम आहे हो. तुमच्याच फायद्याचा."

"मग त्या नियमाने चौकशी करा."

त्यांनी चष्मा पुन्हा कपाळावर सारला. मग त्यांनी शिक्का मारला. भत्ता आणि कार्ड चौकशी होईपर्यंत थांबलं. महिना दोन महिने लागतील म्हणाल्या.

बाहेर आलो तेव्हा पाठ ताठ होती. बसमध्ये बसल्यावर थोडी वाकली.

३ मे

हिला सांगितलं. वाटलं होतं रागावेल. ती म्हणाली, "गोळ्यांची काळजी नको. दोन महिन्यांच्या डब्यात आहेत." आधीपासूनच साठवणारी बाई. लग्नात मिळालेला साबण हिने आठ वर्षं पुरवला.

"काम सोडू नका हं मात्र," असंही म्हणाली. सोडतो कशाला? बाकांच्या पाठींचे पॅटर्न बाकी आहेत.

१७ मे

बाजारातून परत येताना ही दुसऱ्या मजल्याच्या पायरीवर बसली. मी विचारलं तर म्हणे, काय काय आणायचं राहिलं ते आठवते. पाच मिनिटं आठवत होती. काही राहिलं नव्हतं.

चपला चावतात म्हणते. वर्षभर वापरलेल्या चपला आज कशा चावायला लागल्या? हल्लीचं चामडं भिजलं की आखडतं. मापं घेऊन केलेली चप्पल आता मिळते कुठे! पूर्वी कोपऱ्यावरचा चांभार कागदावर पाय ठेवायला लावून पेन्सिल फिरवायचा. त्याच्या कागदांच्या गठ्ठ्यात आमच्या गल्लीतली सगळी माणसं पायापुरती होती.

१९ मे

हिला सपाट झोपवत नाही. दोन उशा घेते, काल तिसरी मागितली. डब्यातल्या गोळ्या अर्ध्या करून घेते, डॉक्टरांनीच सांगितलंय म्हणे; वय वाढलं की मात्रा कमी करतात. असेल. मी ठरवलं, उशांचे डोंगर नकोत. खाटेत बसेल असा टेकू करतो, उतरता, कापडाने मढवून. डाव्या हाताची पुढची वस्तू.

२६ मे

टेकू झाला. उतार हिच्या पाठीवर फळी धरून ठरवला. सांधे असे की पाणी शिरणार नाही. खाटेच्या आतली रुंदी मला पाठ, नव्वद सेंटीमीटर; टेकूही नव्वदचाच. नेऊन बसवतो तर बसेना! ढकलला, तिरपा केला, शिव्या घातल्या. नऊ मिलिमीटर जास्त. नऊ! माझ्या हातून!

मग हत्यारांच्या पिशवीत पाहिलं. मी फाउंड्रीतून आटीची पट्टी घरी आणली होती आणि टेकू तिनेच मोजला होता; खाट मात्र साध्या पट्टीची.

हिला कारण सांगितलं. आधी तिला कळेना. कळलं तेव्हा पदर तोंडाला लावून हसायला लागली. "अहो, मी काय बिडाची आहे? ओतून थंड झाल्यावर आटेन, तेव्हा मापात बसेन असं वाटलं का?" हसता हसता तिला धाप लागली, एवढी की मी पाणी आणलं. कितीतरी दिवसांनी असं हसली. धाप ओसरायला बराच वेळ गेला, पण चेहरा तरुण दिसत होता. गाल भरलेले.

एका बाजूने नऊ मिलिमीटर रंधून टाकले. आता बसतो. हाताला रंध्याची सवय होते आहे.

६ जून

आज लिहायचं नव्हतं, पण लिहितो.

स्वयंपाकघरात साबणाच्या वाटीत अंगठी सापडली. ती हिच्या बोटातून तीस वर्षांत निघालेली नाही. पितळेने बोट हिरवं व्हायचं, तरीही काढली नाही. मेव्हण्याने सोन्याची देऊ केली होती तेव्हाही नाही. मला वाटलं, आता लाज वाटायला लागली. भत्ता बंद, तीनशे रुपयांसाठी ताठा मिरवणारा नवरा, आणि बोटात पितळ. दुपारभर बोललो नाही.

संध्याकाळी ही पडली होती तेव्हा व्हर्नियर काढला आणि अंगठी मोजली. का मोजली सांगता येत नाही. मनाला काही खुपलं की मी मोजतो. सोळा पूर्णांक पाच. केली तेव्हा होती तेवढीच. पितळ एकदा थंड झालं की पुन्हा आटत नाही.

व्हर्नियर हातात घेऊन बसलो. अंगठी तीच. चपला त्याच. खाट तीच. मग बदललं ते काय?

उठून तिच्या खाटेशी गेलो. पाय पांघरुणाबाहेर होते. घोट्यावर बोट दाबलं. खळगा पडला. ओल्या वाळूत पॅटर्न दाबून काढून घेतल्यावर पडतो तसा, आणि तसाच राहिला.

तिने डोळे उघडले.

"डबा दाखव," मी म्हटलं.

डब्यात अर्ध्या गोळ्या होत्या, त्याही मोजक्या. दोन महिन्यांच्या कधीच नव्हत्या. डॉक्टरांनी काहीही सांगितलेलं नव्हतं.

"का?"

"विकत आणा म्हटलं असतं, तर पैसे कुठून आणले असते? तुम्ही काम सोडून कचेरीच्या खिडकीशी जाऊन बसला असता."

"बसलो असतो! त्यात काय!"

"शीळ घालत होतात तुम्ही," ही म्हणाली. "जिन्यावरून ऐकू यायची. सहा वर्षांनी."

७ जून

सकाळी इस्पितळात. पायातलं पाणी काढायचं इंजेक्शन दिलं, दोन दिवस ठेवून घेतात. पैसे मेव्हण्याने भरले आणि एक शब्द बोलला नाही, हे त्याचं मी विसरणार नाही. एरवी तो बोलतो.

तिथून थेट कचेरीत. डब्यातल्या पावत्या खिडकीतून आत सरकवल्या. सरस, काचपेपर. तीनशे चाळीस.

बाईंनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, वाचलं. मी वाट पाहत होतो, म्हणतील, हेच मी पहिल्या दिवशी सांगत होते. त्यांनी एवढंच विचारलं, "काकू बऱ्या आहेत ना?"

मी मान हलवली.

"तीन हजार नऊशे साठ होतात," त्या म्हणाल्या. "बसले मापात. कार्ड आजपासून लावून घेते, भत्ता मागचा धरून येईल. पुढच्या महिन्यापासून पावत्या माझ्याकडेच आणत जा. सरसाच्यासुद्धा."

"आणतो," मी म्हटलं.

२४ जून

ही घरी येऊन दोन आठवडे झाले. घोटे दिसू लागले. चपला सैल होतात म्हणते. चामडं बिचारं निर्दोष होतं. अंगठी अजून आत जात नाही पूर्ण, पेरापाशी अडते. दोऱ्यात ओवून गळ्यात घातली आहे. मी मोठी करून देतो म्हटलं तर, "काही नको, मीच येते तिच्या मापाला," म्हणाली.

दुपारी मी कचेरीत गेलो असताना धाकटे मालक फळं घेऊन येऊन गेले. बराच वेळ बसले होते म्हणे. काय बोललात विचारलं तर, "तुमच्या तक्रारी सांगितल्या."

१२ जुलै

तळ्याकाठी बाक बसले. संध्याकाळी आम्ही दोघं गेलो, सावकाश, रिक्षाने. बाग बदलली आहे. दिवे पांढरे झाले, तळ्याला कठडा आला. बसलो. हिने न बघता हात खाली नेला, खालून तिसऱ्या पानावर बोट फिरवलं आणि मोजलं. सहा. शेजारच्या बाकावर एक जोडपं बसलं होतं, मुलगा बोलत होता आणि मुलीचं बोट पानावर होतं. तिच्या पानालाही सहाच असणार, पण ते मी हिला सांगितलं नाही.

"मालक काय म्हणाले आज?" हिने विचारलं. दुपारी मी फाउंड्रीत जाऊन आलो होतो.

"बाक चांगले झाले म्हणाले. महिन्याला सोळा तासांचं काम देत राहतो म्हणाले."

"एवढंच?"

"एवढंच."

मग म्हणाली, "उत्तरेचा उजेड डोळ्यांना बरा ना हो? सावली हलत नाही म्हणतात." हिला मधेच काहीतरी सुचतं. मी हो म्हटलं.

१३ जुलै

कार्डाचं नूतनीकरण करून घरी आलो, तर खाट जागेवर नाही. शेजारीण आणि तिचा नवरा यांना हाताशी घेऊन हिने ती आतल्या भिंतीला लावून घेतली. ती होती तिथे, खिडकीशी, माझं टेबल. त्यावर कापड, कापडावर रंधा, पटाशी आणि आटीची पट्टी ओळीने मांडलेली. ती खिडकी उत्तरेची आहे. इतकी वर्षं या घरात राहतो, कधी लक्षात आलं नव्हतं.

"हे कशाला?" मी विचारलं.

"खाटेवर ऊन येत नव्हतं," ही म्हणाली. उत्तरेच्या खिडकीतून ऊन येत नसतंच, आणि आतल्या भिंतीला तर त्याहून नाही. पण मी वाद घातला नाही. बसलो आणि काम काढलं.

वहीत मात्र काल दुपारची गोष्ट पूर्ण लिहून ठेवतो, कारण अर्धवट नोंद मला खपत नाही. धाकट्या मालकांनी देऊ केलं ते असं: पॅटर्नच्या खोलीचा प्रमुख, कायम नोकरी, रोज पूर्ण वेळ. खोलीला उत्तरेकडे नवी मोठी खिडकी पाडून देणार. किल्ली माझ्याकडे. दारावर माझं नाव. मी नाही म्हणालो. पगार महिना अठरा हजार.